वरातीमागून

टक. टक. टक.
मग काहीच नाही.
मग पुन्हा टक,
आत सुतारपक्षी कोंडलाय आणि त्याला झाड सापडत नाहीये.

सतरा लग्नं आहेत त्या डबीत,
कुताइसीतली, आसपासच्या खेड्यांतली,
जून ते ऑक्टोबर.
सतरा वेळा मी खांद्यावर कॅमेरा घेऊन
टेबलांमधून उलटा चाललोय,
सतरा तमादांची भाषणं उभ्यानं ऐकलीत.
तमादा म्हणजे मेजवानीचा धनी:
तो बोलतोय तोवर पेला ओठाला लावायचा नाही,
आणि तो थांबत नाही.

दुसरी प्रत?
दुसरी प्रत मी पुढच्या आठवड्यात करणार होतो,
जुलैपासून.

आधी केबल बदलली. मग पोर्ट.
मग लॅपटॉपच बदलला, मेहुण्याचा आणला,
कळांच्या फटींत सूर्यफुलाच्या बियांची टरफलं.
त्यावर एकदा नाव उमटलं, "लग्नं २",
आणि मिटलं.
तेवढ्यानं मी खुर्चीतून उठलो होतो.

मेहुणा म्हणाला, पिशवीत घाल, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेव,
सगळे तसंच करतात.
मी पिशवी आणली,
आईचं चीज बाजूला सरकवलं
आणि तसाच उभा राहिलो, दार उघडं,
गार वाफ पायांवर.
काय आडवं आलं, सांगता येत नाही.

त्सिउरीबाई पांढऱ्या पुलाजवळ बसतात,
एका चांभाराच्या अर्ध्या गाळ्यात.
वीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात इंजिनांना कान लावले.
कारखाना गेला, कान राहिला.
त्यांनी स्क्रूड्रायव्हरचं टोक डबीवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडाशी,
डोळे मिटून पाचपर्यंत मोजलं
आणि वायर उपटली.
"किती वेळा चालू केलीस?"
"दोन-तीनदा."
त्या बघत राहिल्या.
"अकरा," मी म्हणालो.
"बरं वाटतंय का बघायला
आजाऱ्याला अकरा वेळा जिना चढवतोस?"
फ्रीजरचं मी बोललोच नाही.

मग त्यांनी रीत सांगितली:
सहज देतेय ते आधी घ्यायचं.
अडली की हट्ट नाही, पुढं जायचं.
दमली की पंख्याखाली निजवायची.
राहिलेलं शेवटी मागायचं, उलट्या बाजूनं,
आणि तेही दोनदाच.

तीन दिवस मी देव पाण्यात घालून बसलो.
पडद्यावर राखाडी चौकोन एकेक हिरवे होत होते,
मध्येच लाल, गोवर उठावा तसे.
नोदारचा फोन: "मालखाझ, वरातीमागून घोडं ऐकलं होतं,
वरातीमागून वरात पहिल्यांदाच बघतोय.
पोरीचं मूल आधी येणार की व्हिडिओ?"
म्हटलं, रंग ठीक करतोय.

सगळ्यांत आधी, ओरखडाही नसलेलं,
नऊ तासांचं आख्खं बाहेर आलं
एतेरी आणि वाझाचं.
ते दोघं फेब्रुवारीपासून वेगळे राहतात.
नोदारच्या मुलीचा केक शाबूत आहे,
पण डोक्यावर मुकुट येतो येतो
आणि चित्र चौकोनांत फुटतं.
पुढच्या क्षणी सगळे चर्चबाहेर, टाळ्या संपलेल्या.
तीन लग्नं गेलीच.

एतेरीला फोन केला, म्हटलं, पुसून टाकू का?
ती बराच वेळ गप्प.
"जेवणानंतर माझे तिन्ही काका गातात," म्हणाली,
"खालचा सूर धरणारा आता नाहीये.
तेवढंच काप.
मागे वाझा हसत असेल, असू दे."
"आणि उरलेले पैसे?"
"ते त्याच्याकडून घे."

त्सिउरीबाईंनी डबी बुटांच्या पिशवीत घालून परत दिली.
"दोन नव्या घे," म्हणाल्या. "दोन."
घेतल्या.
एकीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.

गेलेल्या तिघांपैकी दोघांकडे जाऊन आलो,
सोबत वाइन. एकानं ती उघडली, एकानं नाही.
तिसऱ्या घरी
पुढच्या आठवड्यात जाणार आहे.